डोक्यावरचं बिऱ्हाड

३ फेब्रुवारी

आले! टेम्पो दारात लागला तेव्हा मला कळलं की वरच्या मजल्यावर बिऱ्हाड येतंय. केशवनं परस्पर भाड्यानं दिलं. सख्खा भाऊ, धारवाडात बसून शहापुरातलं घर चालवतो. फोनवर म्हणाला, "ताई, चांगली माणसं आहेत की. निपाणीची. नवरा फौजेत, आसामात आहे. बाई येळ्ळूरच्या शाळेत चित्रकला शिकवते. एकच मुलगी. तुला काय त्रास नाही व्हायचा."

वरचा मजला त्याचा, खालचा माझा, वाटणी तशीच झालीय. मान्य. पण डोकं माझं खाली आहे!

लोखंडी कपाट ओढत नेलं वर. उचलून नेता येत नाही? दाताच्या मुळापर्यंत गेला तो आवाज. जेवले नाही.

६ फेब्रुवारी

मुलगी उड्या मारते. दहा-अकरा वर्षांची घोडी. एका जागी उभी राहून धप, धप, धप. मध्येच एकच सूर लावते, हूंऽऽऽ. तो थांबतो तेव्हा जास्त भीती वाटते. पुढं काय येणार?

पुढं किंकाळी येते.

झाडूचा दांडा घेतला आणि छताला ठोकला. चांगला जोरात. वर एकदम शांत. मग अशी किंचाळली की माझ्या हातातून दांडा पडला.

७ फेब्रुवारी

आई खाली आली. नीलम नाव. केस ओले, पदर खोचलेला, हातात तिळाच्या वड्यांची ताटली. ताटली घेतली नाही.

"आक्का, तेवढं दांड्यानं ठोकू नका. माझ्या पोरगीला, अबोलीला, लई तरास होतोय. ऑटिझम हाय तिला. आवाज सोसत न्हाईत."

"आणि मला?"

 मग म्हणाली, "तुमाला बी होत असंल की. पण तुम्ही मोठ्या हाय."

मोठं झालं म्हणजे कान बहिरे होतात काय? मराठीत स्वमग्न म्हणे. छान शब्द. मला कुणी मग्न होऊ दिलं असतं तर मीही झाले असते!

१० फेब्रुवारी

सकाळी मिक्सर. मी मिक्सर घरात येऊ दिला नाही कधी, चटणी पाट्यावर वाटते. लोक हसतात. हसू देत. आणि आता छतातून मिक्सर! गंमत म्हणजे मिक्सर लागला की मुलगीपण ओरडते. म्हणजे त्या एका मिक्सरपायी आम्ही दोघींनी ओरडायचं, आणि मधली ही बाई इडलीचं पीठ काढणार.

१२ फेब्रुवारी

पाण्याची मोटर बंद ठेवली. बटण माझ्याकडे आहे. ती मोटर चालू झाली की भिंत थरथरते, तिला टेकलेली मी थरथरते. मला दोन बादल्या पुरतात. वर लागत असेल तर नळावरून न्यावं.

१३ फेब्रुवारी

नेलं. बादल्या घेऊन चढत होती, शाळेची साडी नेसून. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मी तयारी करून बसले होते.

संध्याकाळी केशवचा फोन. "ताई, पाणी तोडतेस? असं कुणी करतं का?"

म्हटलं, "मोटरचा आवाज तुझ्या डोक्यात सोडू का?"

"अगं सगळ्यांच्या घरी मोटर असते. सगळे सोसतात. तूच लहानपणापासून असली. आठवतंय का, निपाणीला मावशीकडं तंबाखूच्या वासानं ओकलीस, लग्नात बँड वाजला तर माळ्यावर जाऊन बसलीस. आईनं किती सांभाळलं तुला."

सांभाळलं! कान धरून खाली आणलं होतं आईनं. ते सांग की.

सगळे सोसतात हे मला ठाऊक आहे. म्हणूनच सगळ्यांचा राग येतो. गणपत गल्लीतून जायचं म्हणजे काय असतं? रिक्षा, कोथिंबीरवाला, दुकानातली गाणी, कुणाचं तरी लग्न ठरलेलं, कुणाचं पोरगं हरवलेलं, सगळं एकदम डोक्यात घुसतं. आणि त्यातच उभ्या राहून बायका साडीचा पोत बघतात, हसतात, गप्पा मारतात! कशाचे कान दिलेत यांना देवानं? निबर झालीत माणसं. मला निबर होता आलं नाही, एवढाच माझा गुन्हा.

मोटर चालू केली. कानात बोटं घालून उभी राहिले.

२० फेब्रुवारी

जिन्याखालच्या कोनाड्यात मुलगी बसलेली! ती जागा माझी आहे. गल्लीत मांडव पडला, स्पीकर लागले की मी तिथं बसते. थंड असते, तिन्ही बाजूंनी भिंत. आज समोरच्या घरी बारसं, आणि हिनं आधीच जागा धरलेली. गुडघे पोटाशी, हात कानांवर.

"ऊठ," म्हटलं. "ही माझी जागा."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "बास," म्हणाली. मग परत "बास, बास, बास." मला नाही, बारशाला म्हणत होती.

शेवटी मी न्हाणीघरात जाऊन बसले. माझ्या घरात मी न्हाणीघरात!

२७ फेब्रुवारी

नवीन थेर. नीलम मोबाईल घेऊन घरभर हिंडतेय. फाटकाची कडी वाजवते आणि मोबाईल पुढं धरते. नळाखाली पातेलं ठेवते, मोबाईल धरते. काल कुकरपुढं उभी होती, अंगणातून वरच्या खिडकीत दिसलं.

परवा मी परत दांडा ठोकला, तोही घेतला असणार. पुरावा गोळा करतेय. माझ्याविरुद्ध. पोलिसात जाणार.

१ मार्च

विचारलंच. फाटकाशी गाठलं.

"माझा आवाज घेतलास?"

"न्हाय आक्का, फाटकाचा घेतलाय. अबोलीला फाटक वाजलं की कसं होतंय ते लोकांना दाखवायचंय. प्रदर्शन करतेय मी, टिळकवाडीत, एप्रिलात. चित्रं, आणि एक अंधारी खोली. आत गेलं की माणसाला अबोलीच्या कानानं ऐकू यायचं."

"आणि माझा दांडा?"

तिनं खोटं बोलायला हवं होतं. कुणीही बोललं असतं. ही बाई सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "व्हय. त्यो बी घेतलाय. नाव न्हाय घालणार तुमचं."

नाव घालायचं काय शिल्लक राहिलं? शहापुरात कोण वर राहतं, कोण खाली राहतं, पोस्टमनलासुद्धा माहीत आहे. पतसंस्थेत इतकी वर्षं काढली, निम्मं गाव मला ओळखतं. आता तिकीट न काढता सगळे ऐकणार — वसुधा कुलकर्णी कसं ठोकते!



२ मार्च

केशवला सांगितलं: ते जातील नाहीतर मी खालचा भाग विकते, कुणा कल्हईवाल्याला विकते, पत्र्याच्या कारखान्याला विकते. मग भाडेकरू शोध.

"ताई, तिला घर मिळत नाही गं. अशी मुलगी म्हटल्यावर कुणी देत नाही. निपाणीत सासर आहे, पण हंगामात तंबाखूची धूळ असते, मुलगी भिंतीला डोकं आपटून घ्यायची. म्हणून इकडे आली."

"मी आणलं नाही तिला."

 मग: "एप्रिल संपेपर्यंत जायला सांगतो."

जिंकले! चहा केला. दोनदा.

८ मार्च

नीलमला कळलं असणार. जिन्यात समोरासमोर आलो, तिनं भिंतीकडे सरकून वाट दिली. मी मान वर ठेवून गेले.

वर अजिबात आवाज नाही. मुलीला गाद्यांवर उभं करते वाटतं.

१९ मार्च

गुढीपाडवा. वरून वाटीभर श्रीखंड पाठवलं नाही. पाठवलं असतं तर घेतलं नसतं. पण पाठवलं नाही!

२८ मार्च

पूर्णिमाचा फोन. पतसंस्थेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची, दिवसभर बोलायची, बांगड्या वाजवत लिहायची. ती आता महिला मंडळात असते. प्रदर्शनाचा हॉल त्यांनीच दिलाय म्हणे.

"वसू, ये की गं! त्या अंधाऱ्या खोलीत आम्ही काल जाऊन बघितलं. बाई गं! दोन मिनिटांत पळून आले मी. डोकं भणभणलं. तू तर दारातूनच परत येशील."

माझ्याच माडीवर राहते ती बाई, हे हिला ठाऊक नाही. निदान अजून तरी.

जाणार आहे मी. दांड्याचा आवाज खरंच लावलाय का ते ऐकणार, आणि चारचौघांत विचारणार तिला — कुणाच्या परवानगीनं?

४ एप्रिल

गेले होते. नीट लिहून काढते, नाहीतर झोप यायची नाही.

हॉलमध्ये गर्दी. शाळेतल्या बाया, दोन वकील, कॉलेजची पोरं. फुगे नव्हते, भाषण नव्हतं, हे एक बरं केलं. मुलगीही नव्हती. कुणीतरी विचारलं, "ती मुलगी कुठाय? बघायची होती." नीलम म्हणाली, "ती घरी हाय, तिच्या मावशीजवळ. तिला दाखवायला न्हाय मांडलं हे. तिला काय ऐकू येतं ते तुमाला दाखवायचंय." बरोबर बोलली. वाईट बाई असली तरी हे बरोबर बोलली.

आधी चित्रं. एक मोठं होतं, बाजाराचं. माणसं, वांगी, रिक्षा, कुत्रं, विजेची तार, एका बाईच्या नाकातली चमकी, सगळं एकाच आकाराचं, एकमेकांना चिकटलेलं. पुढं-मागं काही नाही. शेजारचे वकील म्हणाले, "हे मुद्दाम चुकवलंय." चुकवलंय? मला ते तेवढं एकच चित्र बरोबर वाटलं. बाकीच्या चित्रकारांना बाजार काढता येत नाही, असं माझं कायम मत होतं.

मग खोली. काळ्या कापडाची बोळकांडी. बाहेर येणाऱ्यांना बघत उभी राहिले. एक बाई डोळे पुसत आली. एक तरुण मास्तर हसत आत गेले आणि पांढरेफटक होऊन आले, खुर्चीवर बसले, पाणी मागितलं. पूर्णिमा दाराशी उभी, "बघ, बघ," म्हणत. नाटकी माणसं! मनात म्हटलं, मुलीची दया दाखवायला आलेत, दाखवताहेत.

चपला काढून आत गेले. पायाखाली काथ्याचं पायपुसणं, टोचणारं. दोन्हीकडून घोंगड्या लटकवलेल्या, गालाला घासतात. वरचा दिवा उघडझाप करतो. फिनेल, उदबत्ती आणि तंबाखूचा वास, तिन्ही एकदम. आणि आवाज. फाटक, कुकर, मिक्सर, पातेली, बसचा कंडक्टर 'येळ्ळूर येळ्ळूर' ओरडतोय, कोथिंबीरवाला, दोन बायका जावेच्या कागाळ्या सांगताहेत, कन्नडमध्ये कुणीतरी भाव करतंय.

आणि दांडा. माझा. पायाखालून वर येतो तो आवाज, मणक्यातून डोक्यात. ऐकला. एवढा मोठा असेल असं वाटलं नव्हतं. मी खालून मारते, मला तो मारणारीचा आवाज म्हणून माहीत होता.

त्या सगळ्याच्या तळाशी एक बाई विचारत होती, "नाव काय तुझं? सांग की. तोंड न्हाय काय?"

सगळं तसंच होतं, बाहेर असतं तसं. मी वाट बघत होते, आता काहीतरी भयंकर येईल म्हणून. आलं नाही. बोळकांडी संपली.

शेवटी एक कोपरा होता. पाटीवर लिहिलेलं: 'ही जागा अबोलीनं स्वतः केली आहे.' तीन बाजूंनी गोधड्या, जुन्या, जाड, लुगड्यांच्या. वर एक गोधडी अंगावर घ्यायला ठेवलेली, चांगली जड. बसले. अंगावर घेतली. आवाज कापसात गेल्यासारखे झाले.

मला उठावंसं वाटेना. किती वेळ बसले कुणास ठाऊक. शेवटी पूर्णिमानं पडद्याआडून हाक मारली, "वसू? बरी आहेस ना? चक्कर आली काय?"

बाहेर आले तर नीलम समोर. हात जोडून नव्हे, हाताची घडी घालून. घर सोडायला लावलंय मी तिला. तिनं का हात जोडावेत?

मी जे ठरवून गेले होते ते विचारायचं राहिलंच. म्हटलं, "आवाज अगदी बरोबर घेतलेस. पण यात प्रदर्शन मांडण्यासारखं काय आहे? रोजचंच तर आहे."

"रोजचं?"

"मग काय. गणपत गल्ली अशीच असते. नाव काय म्हणून विचारते ती बाई, पलीकडे कोथिंबीरवाला, त्या दोघी जावेला नावं ठेवताहेत."

नीलमच्या हाताची घडी सुटली. "आक्का, त्यो प्रश्न आजवर कुणाला ऐकू आला न्हाय. सगळी म्हणत्यात, नुसता कल्ला हाय."

"लक्ष देत नसतील."

"न्हाय, तसं न्हवं." ती हळू बोलायला लागली, वर्गात बोलतात तशी. "मी मुद्दाम सगळे आवाज एका पातळीवर आणलेत. खरं तसं नसतंय. बाजारात आपण कुणाशी बोललो तर त्याचंच ऐकू येतंय, बाकीचं आपोआप मागं पडतंय. अबोलीचं मागं पडत न्हाय. तेवढंच दाखवायचं हुतं मला."

"मागं पडतं म्हणजे?"

"म्हंजे... ऐकू येत न्हाय. असतंय, पण येत न्हाय."

"कुणाला?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मुलीकडे बघते तशी. पाठीवर हात ठेवायला आली आणि न ठेवताच थांबली. "बसा जरा, आक्का," म्हणाली. "पानी आनू?"

मला दया नको कुणाची! चपला पायात सरकवल्या आणि निघाले. रिक्षावाल्यानं कन्नड गाणं लावलेलं. 'बंद कर' म्हटलं. त्यानं केलं. मग इंजिन ऐकू यायला लागलं, पत्र्याची खडखड, पाठीमागची बस, फुटपाथवर कुणीतरी भांडत होतं. काही मागं पडलं नाही.

५ एप्रिल

खोटं बोलते ती बाई. मागं पडतं म्हणे!

६ एप्रिल

भाजीला गेले. एका दुकानापाशी उभी राहून लोकांकडे बघत बसले. एक नवरा-बायको बोलत होती, शेजारी घण चालला होता, डांबरीकरणाचं मशीन होतं. त्यांनी एकदाही तिकडे मान वळवली नाही. आवाज चढवला, आणि बोलत राहिली. चेहऱ्यावर सोसणं नव्हतं. मी इतक्या वर्षांत कधी चेहरे बघितले नव्हते. माझे डोळे जमिनीकडे असतात.

भाजी न घेता परत आले. वर टेप ओढल्याचा आवाज येतोय. खोकी बांधताहेत.

७ एप्रिल

केशवला फोन केला. तो खुशीत म्हणाला, "झालं तुझ्या मनासारखं. त्यांनी पिरनवाडीत घर बघितलंय, रविवारी जाणार."

म्हटलं, "ते राहू दे. हॉटेलात बसलास की शेजारच्या टेबलावरचं बोलणं तुला ऐकू येतं?"

"नाही. कशाला येईल?"

"भांडी? पंखा? रस्ता?"

"असतात की. पण लक्षात कुठं येतात? मागं पडतात आपोआप. नाहीतर माणूस जेवणार कसा, ताई?" मग हसायचा थांबून म्हणाला, "का गं? तुझं नाही पडत?"

फोन ठेवला.

म्हणजे कुणी सोसतच नव्हतं. आई, पूर्णिमा, गणपत गल्लीतल्या त्या बायका, कुणीच नाही. त्यांना ऐकूच येत नव्हतं.

वर जाते. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.